जपून

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



यंदा प्रत्येकीने एकेका शब्दावर चार शब्द बोलावेत असे आपल्या चिटणीसबाईंनी ठरवले. कोणाला श्रम, कोणाला आरोग्य, कोणाला दया असे वाटप झाले आणि शेवटी मी उरले. मी म्हटले, "बाई, माझे शिक्षण सातवीपर्यंत. मोठा शब्द मला पेलायचा नाही. रोजच्या तोंडातला एखादा द्या." त्या हसून म्हणाल्या, "मग 'जपून' घ्या. दिवसातून दहा वेळा म्हणत असाल." घरी जाऊन मोजले, तर दहाच्या वर भरले! दूध जपून ओत, फरशी ओली आहे जपून, गाडी जपून चालव, पैसे जपून वापर, त्यांच्याशी जरा जपून बोल. इतक्या वेळा म्हणतो, पण म्हणजे नेमके काय करायचे, याचा विचार मी त्या दिवसापर्यंत केलेला नव्हता.

आपण काय काय जपतो ते पाहा. तान्ह्या मुलाला जपतो, तुळशीच्या रोपाला जपतो, पाहुण्याचे मन जपतो, दिलेला शब्द जपतो. केराची टोपली कोणी जपत नाही. ज्याचे मोल वाटते तेच जपायचे. म्हणजे 'जपून' या शब्दाच्या पोटात माया आहे. भीतीसाठी भाषेत वेगळा शब्द आहे, 'भिऊन'. पण बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात, आणि पुष्कळ वेळा आपलीही गल्लत होते.

ही गल्लत कशी ओळखावी? आमच्या शाळेतल्या बाई व्याकरण शिकवताना म्हणायच्या, "करून, बसून, जाऊन असे म्हटले की वाक्य संपत नाही. पुढे काय, ते विचारा." 'जपून'चेही तसेच आहे. जपून चाल, जपून बोल, जपून उचल. पुढे काहीतरी करायचे आहेच. 'जपून' म्हणजे 'नको' नव्हे. लग्नात भटजी 'शुभमंगल सावधान' म्हणतात, तेथेही सावधान म्हणजे अवधानासह, लक्ष देऊन. ते ऐकून एक रामदास स्वामी तेवढे मांडवातून निघून गेले अशी कथा सांगतात. बाकीचे सगळे सावध होऊन बोहल्यावर उभेच राहतात!

हसण्यावारी नेण्यासारखी नाही अशीही एक गोष्ट सांगते. आपण सांगलीच्या बायका. पावसाळ्यात चहाच्या आधी आपण विचारतो, "आयर्विनला किती फूट?" आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर गेले की धोका पातळी. हे आकडे घरातल्या लहान मुलालाही पाठ असतात. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घराने त्यांचा काय उपयोग केला, ते ऐका.

५ ऑगस्टला सोमवार होता, नागपंचमी. मी पुरणाची दिंडे करीत होते. पाणी चढत होते. आमच्या शेजारच्या काकू दुपारी हातात पिशवी घेऊन दारात आल्या. म्हणाल्या, "मी मिरजेला लेकीकडे जाते. किल्ली तुमच्याकडे असू द्या. तुम्हीही सासूबाईंना घेऊन निघा." सासूबाई म्हणाल्या, "२००५ च्या पुरातसुद्धा पाणी आपल्या बोळाच्या तोंडाशीच थांबले होते. आता काय येते?" काकूंची पाठ वळल्यावर आम्ही हसलो. मीच म्हटले, "फार घाबरट आहेत बाई." हे माझे शब्द आहेत, म्हणून ते मीच येथे सांगितले पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी बोळात शिरले. मग आमची जी धांदल उडाली ती विचारू नका. मी धान्याचे डबे उचलून कपाटावर ठेवीत बसले. शिलाईचे यंत्र उचलेना. मुलीचे दाखले खालच्या कप्प्यात राहिले. आणि सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या देवघराच्या फळीवर राहिल्या, त्या आठवल्या तेव्हा घरात गुडघाभर आणि बोळात छातीभर पाणी होते. आम्ही कोठे होतो माहीत आहे? काकूंच्याच माडीवर! ज्यांना घाबरट म्हटले, त्यांच्याच किल्लीने आम्ही वाचलो. तेथे दोन रात्री काढल्या. गोळ्यांवाचून सासूबाईंचे डोके गरगरू लागले. बोटीत उतरवताना त्यांनी माझा हात असा धरला होता की वळ उठले. त्याच पुरात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटून किती घरांतली माणसे गेली, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. पाणी त्या वेळी आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेले होते.

पुढे घर धुताना माझ्या मनात आले, काकू आणि आम्ही यांच्यात घाबरले कोण? काकू पायी चालत, गोळ्या-कागद घेऊन, दिवसाउजेडी गेल्या. भिऊन पळालो ते आम्ही. ४० आणि ४५ यांच्यामध्ये जे पाच फूट आहेत, तोच जपून वागण्याचा वेळ. तो आम्ही हसण्यात घालवला. त्यानंतर उरते ती भीतीच.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी वाढले. या वेळी सासूबाईच सकाळी म्हणाल्या, "अगं, चाळीस झाले ना? मग उठ. पिशवी कोठे आहे?" पिशवी दाराजवळच खुंटीला होती. औषधे, दाखले, चार कपडे, थोडे पैसे. आम्ही नणंदेकडे गेलो. त्या खेपेला पाणी आमच्या पायरीपर्यंत आले आणि थांबले. परत आल्यावर एक-दोघी म्हणाल्या, "उगीच गेलात." सासूबाई म्हणाल्या, "दरवर्षी उगीचच जायला मिळो."

भगिनींनो, जपून वागण्याची अडचण ही अशी आहे. त्याचे फळ दिसत नाही. न सांडलेल्या दुधाची कोणी आठवण ठेवत नाही. म्हणून जपणाऱ्या बाईला घरात घाबरट म्हणतात. आपण तरी एकमेकींना तसे म्हणू नये.

आणि दुसरी विनंती. 'जपून' म्हटले की पुढचे वाक्य पुरे करावे. गॅसचा वास आला तर नुसते 'जपून, जपून' ओरडू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो, म्हणून दिव्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. बाहेर येऊन १९०६ ला फोन करावा. मोबाइलवर कोणी गोड बोलून ओटीपी मागितला तर सांगू नये, आणि पैसे गेलेच तर रडत न बसता १९३० ला ताबडतोब कळवावे.

मुलीला 'जपून जा' म्हणताना तर फारच विचार करावा. आपण 'जपून' म्हणतो आणि डोळ्यांनी 'जाऊच नको' म्हणतो. मीही तेच करीत होते. माझी मुलगी एकदा म्हणाली, "आई, हे तू दादाला का म्हणत नाहीस?" मला उत्तर सुचले नाही. आता दोघांनाही सांगते, "हेल्मेट घाल, उशीर होणार असेल तर कळव, आणि जा." त्यातला 'जा' मी मोठ्याने म्हणते. काळीज धडधडते, नाही असे नाही. पण लेकराला जपायचे म्हणजे फडताळात ठेवायचे नव्हे.

माझ्या अल्पबुद्धीला उमगले ते सांगितले. चुकले असेल ते पदरात घ्या. काकू आज समोरच बसल्या आहेत. त्यांची क्षमा मी घरी कधीच मागितली, पण आज चारचौघींत मागते. त्यांना नमस्कार करून मी माझे भाषण संपवते.