दोन वेढे, एक तट



इतिहासावरचे व्याख्यान संपले की श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येतो: शिवरायांचे मावळे पानिपतावर असते तर? थोरल्या बाजीरावांची आणि वेलस्लीची गाठ पडली असती तर? विद्वान मंडळी अशा प्रश्नांना नाके मुरडतात. मला त्यात गैर काही दिसत नाही. वेगवेगळ्या काळांतल्या फौजा मनातल्या मनात खुशाल झुंजवाव्यात. मात्र कोणत्या जागी, हे आधी ठरवावे. चिंचोटीकरांना त्यासाठी दूर जायला नको. वसईचा किल्ला आपल्या दाराशी आहे.

या एकाच किल्ल्याला ४१ वर्षांच्या अंतराने दोन वेढे पडले. १७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजी अप्पा तटाबाहेर होते आणि आत पोर्तुगीज. १७८० च्या नोव्हेंबरात बाहेर जनरल गॉडर्ड, आत मराठे. अप्पांना तीन महिने लागले, गॉडर्डला चार आठवडे. आता कल्पना करा, १७८० साली आत अप्पांचीच फौज असती तर?

किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी आणि चिखल. जमिनीवरून भिडायचे ते उत्तरेकडूनच, आणि दोघेही तिकडूनच भिडले. अप्पांच्या तोफांना तो तट आवरेना, म्हणून सुरुंग खणले. वरून गोळ्या येत असताना जमीन उकरायची! काही सुरुंग उशिरा उडाले आणि आपलीच माणसे त्यांत गाडली गेली. सेबास्तियनच्या बुरुजाला खिंडार पडले, तरी आत शिरताना पुन्हा हातघाई झालीच. एवढे शौर्य आपण आवडीने सांगतो. त्याच वेळी व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या उरावर बसले होते, म्हणून तिकडून कुमक निघेना, आणि समुद्रावर मानाजी आंग्रे होते, हे मात्र सांगायचे राहून जाते. वसई आधी एकटी पाडली, मग तिचा तट पाडला.

१७८० साली समुद्र इंग्रजांचा होता. जड तोफा मुंबईहून जहाजांतून आल्या. ९ डिसेंबरला २४ पौंडी गोळ्यांच्या तोफा तटापासून सुमारे ५०० यार्डांवरून धडाडू लागल्या. ११ तारखेला किल्ला गेला. कुमकेला निघालेले रामचंद्र गणेश तुंगारेश्वराच्या डोंगरापलीकडे, वज्रेश्वरीजवळ दुगाडला हार्टलेशी झुंजत होते. १२ तारखेच्या सकाळी धुक्याचा आडोसा घेऊन त्यांनी हल्ला चढवला आणि ते पडले. ज्या किल्ल्यासाठी ते लढत होते तो आदल्याच दिवशी शत्रूच्या हाती गेला होता. वज्रेश्वरीला यात्रेला आपण सगळेच जातो. दुगाडला कितीजण थांबतात?

तेव्हा माझे मत असे की, अप्पांची माणसे आत असती तरी तट पडलाच असता. फार तर चार-आठ दिवस उशिरा. छातीच्या जोरावर भिंत जाड होत नाही. हे ऐकून कुणाला राग येईल. पण पुढच्याच वर्षीचा हिशेब पाहा.

१७८१ च्या फेब्रुवारीत हाच गॉडर्ड बोरघाटावर चढला. तोच सेनापती, तीच कवायती पलटण. पण येथे समुद्र मागे राहिला. पनवेलहून येणारे धान्याचे बैल परशुरामभाऊ पटवर्धनांनी वाटेत गाठले. हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर घाटाच्या तोंडाशी होतेच. एप्रिलमध्ये गॉडर्ड पनवेलकडे परतला, तेव्हा वाटेत त्याची चारशेवर माणसे मेली किंवा जखमी झाली, सामानसुमान गेले ते वेगळेच. वसईचा तट ज्याला दोन-तीन दिवस पुरला नाही, त्याला बैलांच्या तांड्याने माघारी फिरवले. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई आपल्याला परत मिळाली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली, कारण मुंबईच्या उंबऱ्यावरची ती जमीन सोडणे त्यांना परवडणारे नव्हते.

आता मावळे आणि पानिपत. सह्याद्रीत शिदोरी बांधून लढणारी ती माणसे यमुनेकाठी नेऊन दोन महिन्यांवर कोंडून ठेवायची असतील, तर ज्याने प्रश्न विचारला त्याने आधी त्यांच्या घोड्यांचा दाणा कोठून येणार ते सांगावे. तोवर त्या लढाईचा निकाल मी देणार नाही.