कर्ज आणि हमी



गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी रस्त्यात मला पाहून तोंड चुकवू लागला. चौकशीअंती कळले, की शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढले, पदवी मिळाली, नोकरी मिळाली नाही. हप्ते थकले, आणि लाजेने तो बँकेची पत्रेही उघडीनासा झाला.

अशा कर्जांना सरकारी हमी असते. २०१५ च्या हमी निधी योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जात बुडीत रकमेचा पाऊण हिस्सा निधी सोसतो. परंतु ही हमी बँकेला आहे, विद्यार्थ्याला नव्हे! देणे त्याच्या आणि सहकर्जदार पालकाच्या नावावर राहतेच. ‘सरकारचा पैसा, कोण विचारतो?’ ही समजूत घातक आहे. १९६३ ची बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती योजना वसुली नीट न झाल्याने १९९१ मध्ये बंद पडली. दार बंद झाले ते मागून येणाऱ्या गरीब मुलांना.

तथापि प्रत्येक थकबाकीदार लबाड नसतो. शिक्षण संपल्यावर साधारण एक वर्षाची सवड असते; तेवढ्यात काम मिळतेच असे नाही. अशा वेळी हप्ता थकण्यापूर्वीच बँकेत जाऊन मुदत मागावी. उशिरा का होईना, त्या मुलाबरोबर मी गेलो. मुदत वाढली, हप्ता लहान झाला. आता तो रस्त्यात थांबून बोलतो.

आपला ट्रस्ट फीसाठी हात देतो. यापुढे कर्जाचा कागद समजावून देणारा, अडचणीत बँकेपर्यंत सोबत येणारा माणूसही द्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.