कळांच्या वेळी सोबत

शिरपूर, चोपडा, यावलच्या पाड्यांवर घरी बाळंतपण व्हायचं, तेव्हा सुईण बाळंतिणीजवळून हलत नसे. दवाखान्यातल्या बाळंतपणाने कितीतरी जीव वाचवले, पण ती सोबत सुटली. ती नुसता धीर देत नव्हती. 2017 साली 17 देशांतल्या 26 चाचण्यांचा आढावा निघाला. कळांमध्ये सतत सोबत मिळालेल्या बायकांमध्ये नैसर्गिक बाळंतपणं जास्त होती, सिझेरियन कमी, आणि कळांचा काळही थोडा आखडलेला. कंबर चोळणं, घोटभर पाणी देणं, चालवणं, बोलत राहणं, एवढंच काम. मध्येच सोडून मात्र जायचं नाही. पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या पोरीला तिच्याच बोलीत धीर देणारं माणूस मला औषधाइतकं मोलाचं वाटतं.

केंद्र सरकारने 2016 मध्येच सरकारी दवाखान्यांच्या प्रसूतिकक्षात अशा सोबतिणीला परवानगी दिली आहे. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली हवी, तिला संसर्गजन्य आजार नको. परिचारिकांना 18 महिन्यांचं मिडवाइफ प्रशिक्षण देण्याचं धोरणही 2018 मध्ये आलं.

तेव्हा आई, सासू की मावशी, सोबत कोण जाणार हे सातव्या महिन्यातच ठरवा, आणि तपासणीला जाल तेव्हा सिस्टरांना सांगून ठेवा.