बिनतारी गिअरची सोयरीक

जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही 437 किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. असल्या शर्यतीतल्या सायकलींना आता गिअरची तार सहसा नसते. हँडलवरचे बटण दाबले, की मागची इवलीशी मोटर चेन सरकवते. ते पाहून आष्टी-कडा-धानोरा रस्त्यावर पहाटे सायकल हाणणाऱ्या एखाद्या पोराला वाटणारच, की आपल्यालाही असेच हवे. नवा पूर्ण संच लाखाच्या घरात जातो. मग जुने सुटे भाग शोधायचे, एक इथून, एक तिथून. तारच नाही म्हटल्यावर काहीही कशालाही जोडता येईल, अशी समजूत होते. पण या भागांची सोयरीक जमवताना घराणे पाहावेच लागते.

बिनतारी गिअरची कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या माविक कंपनीने 1999 मध्येच मेकट्रॉनिक नावाचा संच आणला होता, पण तो टिकला नाही. अमेरिकेच्या स्रॅमने 2015 मध्ये ईटॅप जाहीर केला. त्यात मागे अकरा चकत्या होत्या. 2019 मध्ये त्याच कंपनीने बारा चकत्यांचा एएक्सएस आणला आणि जुन्या गिऱ्हाइकांची पंचाईत केली. अकराच्या ईटॅपचे हँडलवरचे लिव्हर बाराच्या डिरेलरशी, म्हणजे चेन सरकवणाऱ्या भागाशी, बोलतच नाहीत. डिरेलरची बॅटरी मात्र दोन्हींना तीच चालते, आणि नेमके तिथेच माणूस फसतो. बॅटरी खटकन बसली, म्हणजे बाकीचेही जुळेल असे त्याला वाटते.

एएक्सएसच्या आत मात्र कंपनी उदार आहे. स्वस्तातल्या रायव्हलचे लिव्हर आणि महागाच्या रेडचा डिरेलर सुखाने नांदतात. रस्त्याच्या सायकलचे लिव्हर आणि डोंगरी सायकलचा ईगल डिरेलर, हीसुद्धा जोडी जमते. मग मागे पन्नास दात्यांची चकती लावून घाट चढता येतो. पण पुढे एकच चकती ठेवावी लागते, आणि कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा गठ्ठा, व चेनही ईगलचीच लागते. रस्त्याच्या एएक्सएसची चेन वरून सपाट असते, तिचे रोलर मोठे असतात. ती ईगलच्या कॅसेटवर चालत नाही.

शिमानो या दुसऱ्या कंपनीचा बारा चकत्यांचा डीआय2 हा 2021 पासूनचा संच निम्माच बिनतारी आहे. लिव्हर बिनतारी, पण दोन्ही डिरेलरची तार सीटखालच्या नळीतल्या बॅटरीला जोडलेली. तो स्रॅमशी जुळत नाही, आणि स्वतःच्या अकरा चकत्यांच्या भावंडांशीही नाही. एक गोष्ट मात्र त्याने चांगली केली: त्याची रस्त्याची कॅसेट शिमानोच्या जुन्या अकरा चकत्यांच्या हबवर बसते. स्रॅमच्या ज्या कॅसेटची सर्वांत लहान चकती दहा दात्यांची आहे, तिला एक्सडीआर जातीचा फ्रीहबच, म्हणजे कॅसेट जिच्यावर बसते ती हबची बाजू, लागतो. म्हणजे चाक जुने असेल, तर डिरेलर घेतल्यावर हबचा खर्च वेगळा.

ब्रेकचा विचार फार थोडे जण करतात. या सायकलींत गिअरचे बटण आणि ब्रेक एकाच लिव्हरमध्ये असतात. स्रॅमच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये डॉट द्रव, शिमानोत मिनरल ऑइल. एकाच्या लिव्हरला दुसऱ्याचा कॅलिपर, म्हणजे चाकाजवळचा ब्रेक दाबणारा भाग, लावला तर आतले रबर खराब होते. गिअर अडला तर सायकल हातात धरून घरी येता येते. ब्रेक फसला तर काय होईल, ते सांगायला नको.

स्रॅमच्या लिव्हरमधला सीआर2032 हा नाण्याएवढा सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. एक्सडीआर हब आपल्या तालुक्याच्या गावी मिळणे कठीण. आणि चुकून मागवलेला भाग परत पाठवायचा तर कुरिअरचा भुर्दंड आपल्यालाच.

तेव्हा जुना भाग घेण्यापूर्वी त्यावर छापलेल्या मॉडेल क्रमांकाचा फोटो मागा. अकराचा की बाराचा ते विचारा. आपल्या मागच्या चाकाचा फ्रीहब कोणता, हे मेकॅनिककडून बघून घ्या. आणि विक्रेता फोटो द्यायला टाळाटाळ करू लागला, तर पैसे पाठवू नका.