सगळे डास मारायला नकोत!

कोरडा दिवस म्हटलं की गटात कुणीतरी म्हणतंच, "गावातले सगळे डास थोडेच मरणार?"

रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला. पुढे त्यांनी गणित मांडून दाखवलं: सगळे डास मारायची गरज नाही. डास ठरावीक मर्यादेखाली आले, की नव्याने आजारी पडणारे कमी, बरे होणारे जास्त, साथ ओसरते.

डेंग्यूलाही हाच हिशेब. त्याच्या डासाला अंड्यातून उडेपर्यंत आठवडाभर तरी लागतो. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात. म्हणून दर आठवड्याला आपण सगळ्याजणी रांजण, टाकी रिकामी करू, घासू, कोरडी ठेवू. चार डास उरले तरी चालतील, आठवडा चुकायला नको.