प्रश्न विचारणाऱ्यांना जागा द्या



आज मला आपल्या तरुण मुलामुलींविषयी बोलायचं आहे, कारण सकाळपासून या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या मंडपात त्यांच्याविषयी जे कानावर पडलं, त्यात तक्रारच जास्त होती. मुलं उपासनेला येत नाहीत, आली तर मोबाइल बघत बसतात, मराठी वाचत नाहीत, वर उलट प्रश्न विचारतात. पहिल्या तीन तक्रारींत तथ्य असेल. चौथी मला तक्रार वाटतच नाही. मंडळीच्या भवितव्याविषयी माझ्या मनात जी आशा आहे, ती या उलट प्रश्नांवरच उभी आहे.

आपला इतिहासच पाहा, तोही अशा तरुणांनीच घडवला. बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचं वय तेवीसच्या आसपास होतं. तीन वर्षांनी त्यांचं ‘यमुनापर्यटन’ हे पुस्तक आलं आणि हिंदू विधवांचं दुःख मराठी कादंबरीत पहिल्यांदा बोलू लागलं.

पंडिता रमाबाईंविषयी थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि त्यांचं तारुण्य विसरतो. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. पदरी लहानगी मनोरमा, देश परका, आधार मठातल्या भगिनींचा. तरीही, ज्या सिस्टर जेराल्डिन त्यांना आईच्या मायेने सांभाळत होत्या, त्यांच्याशीच रमाबाईंनी पत्रांमधून वाद घातला. त्रैक्य कशाला म्हणायचं, चर्चचा शब्द अखेरचा का मानायचा, हे त्यांनी सरळ विचारलं. इंग्लंडातच चेल्टनहॅमला रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्या चकित झाल्या. ज्या गोष्टीला माझ्या वडिलांनी आणि नवऱ्याने हरकत घेतली नाही, तिला तुम्ही कशी घेता, असा त्यांचा सवाल होता. त्या काळच्या वडीलधाऱ्यांना ही मुलगी हट्टी, गर्विष्ठ वाटली. पुढे याच मुलीने केडगावला ‘मुक्ती’ ही संस्था उभी केली, दुष्काळातल्या शेकडो मुलींना छप्पर दिलं आणि हिब्रू व ग्रीक शिकून अवघं बायबल सोप्या मराठीत आणलं. ते मुक्तीतल्याच स्त्रियांनी छापलं. प्रश्न विचारते म्हणून तेव्हाच तिला दाराबाहेर काढलं असतं, तर आपलं केवढं नुकसान झालं असतं!

आता आजचं सांगतो. नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत तरुण संघाच्या बायबल अभ्यासाला बसलो होतो. गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय चालला होता. नर्सिंगला असलेली एक मुलगी उठली आणि म्हणाली, “ख्रिस्तात सगळे एक, तर आपल्याकडे सोयरिक जुळवताना अजून पूर्वीची जात का विचारतात?” तिच्या शेजारच्या मुलाने दुसरा प्रश्न जोडला: अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातून दलित ख्रिस्ती बाहेर राहिले, शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये आत घेतलं गेलं, मग आपल्या वेदीवरून याविषयी कुणी बोलत का नाही? खोलीत शांतता पसरली. कमिटीतले एक वडील म्हणाले, “आधी उपासनेला वेळेवर या.” मुलगी खाली बसली. नंतर तिने वहीची दोन पानं माझ्या हातात ठेवली. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या, मध्येच इंग्रजी शब्द होते. पण वचनाचा असा प्रामाणिक, धीट अर्थ मी अनेक प्रवचनांत ऐकलेला नाही. शुद्धलेखन शिकवता येतं. हे धैर्य कुठल्या वर्गात शिकवणार?

ही मुलं मंडळीवर रागावलेली आहेत, कारण ती तिला आपली मानतात. ज्याला सोडूनच जायचं असतं, तो अभ्यासाला बसत नाही, वचन काढून दाखवत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन करता करता वसईची हिरवाई वाचवण्याच्या ‘हरित वसई’ लढ्यात उतरले, गावाचा प्रश्न आणि मंडळीचा प्रश्न त्यांनी वेगळे काढले नाहीत. आजची मुलं तेच मागत आहेत, आणि तेही वचनाच्या आधाराने.

म्हणून माझी विनंती तीनच गोष्टींची आहे, आणि ती संपादकांना, पाळकांना व आयोजकांना आहे. आपल्या नियतकालिकांपैकी ‘ज्ञानोदय’ १८४२ पासूनचा, ‘निरोप्या’ १९०३ पासूनचा; इतका वारसा असताना प्रत्येक अंकात तिशीच्या आतल्या लेखकाला किमान एक लेख द्या, आणि तो तरुणांच्या कोपऱ्यात न ढकलता मुख्य पानांवर छापा. पास्टरेट कमिटीत तरुण मुलगे आणि मुली दोघांनाही मताच्या अधिकारासह बसवा. आणि पुढच्या संमेलनात निदान एक परिसंवाद त्यांच्या हाती सोपवा. विषय त्यांनी ठरवावा, वक्ते त्यांनी निवडावेत. आपण खाली बसून ऐकू. ती वहीची दोन पानं मी सोबत आणली आहेत. इथे बसलेल्या संपादकांपैकी ती कोण छापणार, हे समारोपाआधी मला येऊन सांगावं.