दाराचा पत्रा आणि गाडीतलं गाणं

तुमच्यापैकी काही जण आत्ता गाडीत असतील. सिग्नलला थांबला असाल तर रेडिओचा आवाज जरा वाढवा आणि उजव्या हाताची बोटं दाराच्या पॅडवर, स्पीकरच्या जाळीपासून वीतभर लांब टेकवा. माझं बोलणं बोटांना कळेल. स्पीकरबरोबर अख्खं दार बोलतंय, आणि ते बेसूर बोलतंय.

घरातला स्पीकर जाड लाकडी खोक्यात नीट बसवलेला असतो. गाडीत ते खोकं म्हणजे दार. त्याचा बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. आतल्या पत्र्याला काचेच्या मशीनसाठी, लॉकच्या सळयांसाठी, वायरींसाठी हात जाईल एवढाली भोकं, आणि त्यांवर प्लास्टिकचा एक पातळ कागद चिकटवलेला. स्पीकरचा कोन पुढे आला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. ही मागची उलटी लाट त्या भोकांतून पुढे आली की पुढच्या लाटेला खाऊन टाकते. वरच्या सुरांना याचा फारसा त्रास नाही, मार बसतो तो खर्जाला. १०० हर्ट्‌झच्या सुराची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. तिला दाराला वळसा घालायला कितीसं लागणार? त्यामुळे दहा हजारांचे नवे स्पीकर बसवूनही डग्गा ऐकू येत नाही, आणि माणूस दुकानदाराशी भांडत बसतो. माझं मत विचाराल तर स्पीकरला हात लावण्याआधी पैसे दाराच्या पत्र्यावर घाला.

यासाठी बाजारात ब्यूटाइल रबरची शीट मिळते. साधारण २ मिलिमीटर जाड, एका बाजूला चिकट, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमचा पातळ थर. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, तिच्या वजनानं आवाज खाली उतरतो. शीटही पत्र्याचं वजन वाढवते, पण तिची खरी करामत पुढेच आहे. पत्रा थरथरून वाकायला लागतो, वरचं ॲल्युमिनियम ताणलं जायला नकार देतं, आणि दोघांच्या मधलं रबर घासलं-ओढलं जातं. थरथरीची ताकद त्या ओढाताणीत उष्णता होऊन जिरते. फरक ऐकायचा असेल तर आधी आणि नंतर बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करा. आधी ‘ठण्ण’ वाजतं, नंतर नुसतं ‘ठप्‌’.

स्वस्तात मिळते म्हणून डांबराची शीट मात्र घेऊ नका. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा पत्रा किती तापतो हे तिथल्यांना सांगायला नको. डांबर मऊ पडतं, पत्र्यावरून सरकतं, आणि गाडीभर वास सुटतो.

दुकानात ‘चारही दारं फुल्ल करू साहेब’ असं सांगतात. बाहेरच्या पत्र्याला त्याची गरज नसते. थरथर मोडायला पाव ते अर्धा भाग झाकला तरी बहुतेक काम होतं; बाकी दुकानदाराचा फायदा आणि बिजागऱ्यांवर बोजा. ही शीट चौरस मीटरला तीनेक किलो भरते. हात सैल सोडायचा तो आतल्या पत्र्यावर, कारण तिथली भोकं बंद करायची असतात. मोठ्या भोकावर नुसती शीट ताणली तर तीच पडद्यासारखी हलते, म्हणून तिथे आधी ॲल्युमिनियमची पट्टी बसवून मग शीट लावावी. चिकटवण्याआधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा आणि नंतर रोलर फिरवत राहायचं, वरची नक्षी सपाट होईपर्यंत. नुसती हाताने दाबलेली शीट उन्हाळ्यात सुटून येते. हातमोजे घाला, ॲल्युमिनियमची कड ब्लेडसारखी कापते.

एक अपेक्षा मात्र इथेच सोडा. याने गाडी आतून शांत होणार नाही. टायरचा घरघराट जमिनीतून, चाकांच्या कमानींतून आणि काचांतून येतो. दाराने त्यातला थोडाच वाटा उचललेला असतो.

आता पाण्याचं. पुष्कळांना वाटतं, दाराच्या आत पाणी जाताच कामा नये. ते जातंच. काचेला लागलेल्या बीडिंगमधून पावसाचं पाणी आत उतरतं, बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूने ओघळतं आणि दाराच्या तळाच्या बारीक भोकांतून निघून जातं. दाराची रचनाच तशी आहे. प्लास्टिकचा तो कागदही पाणी माणसांच्या बाजूला येऊ नये म्हणून असतो. हौसेने तळापर्यंत शीट लावून ती भोकं बुजवली, की दार उघडताना आत पाणी खळखळायला लागतं आणि गंज आतून सुरू होतो. साधा स्पंजसारखा फोमही आत नको. तो पाणी पितो आणि धरून ठेवतो. फोम लावायचाच तर बंद पेशींचा. आणि कोकणात, मुंबईत हे काम जुलैत काढू नका, दमट पत्र्याला काही नीट चिकटत नाही.

अलीकडच्या काही गाड्यांत दाराच्या पोकळीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. बाजूने धडक बसली की एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवण्यात त्याचा वाटा असतो. तुमच्या गाडीत तो असेल तर पोकळीत फेरफार करू नका. आधी गाडीचं पुस्तक उघडा, नाहीतर सर्व्हिस सेंटरला विचारा.

काम संपलं की पॅड लगेच ठोकू नका. काच पूर्ण खाली घ्या, वर घ्या, शीट कुठे घासत नाही ना ते पाहा. लॉक चार वेळा लावून उघडा. मग काच वर करून तिच्यावरून तांब्याभर पाणी सोडा. ते दाराच्या तळातून बाहेर आलं, तर क्लिपा दाबायला हरकत नाही.